सिग्नलबाबाची सिद्ध पेटी

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात लोक भाजी सोडून एका टीव्हीभोवती गोळा झाले होते. टीव्हीला ना केबल, ना नेट. फक्त एक काळी पेटी जोडलेली. बटण दाबताच पडद्यावर सिग्नलबाबा प्रकटले आणि गरजले, "रुख्माबाई! तेरे घुटनों का दर्द हमें दिखता है!"

रुख्माबाईनं तिथंच हात जोडले. "माह्यं नाव घेतलं वं माय!"

"कैलास का सिग्नल है, माता," शेजारच्या गादीवर बसलेले प्रत्यक्ष बाबा म्हणाले. "इसको टॉवर नहीं, श्रद्धा लगती है!"

गोंदियाच्या तंत्रनिकेतनात शिकवणारी रश्मी सुट्टीत घरी आली, तर आईच्या टीव्हीखाली तशीच पेटी हळदकुंकू लावून बसलेली. पेटी रोज बजावायची, "पुष्पाबाई, शुगर की दवा छोड़!" आईनं खरंच गोळ्या सोडल्या होत्या. पायाची जखम चिघळत चालली होती.

"आई, गोळ्या काऊन सोडल्या?"

"डॉक्टर मान वर करून पाहत नाही. पेटी नावानं हाक मारते."

रश्मीला राग आला, पण तिनं वाद घातला नाही. "पेटी द्यायच्या आधी कोणी आलं होतं?"

"बाबाचा चेला गुड्डू आला होता. नाव, दुखणं विचारून गेला. मंग पैसे घेतले अन् पेटी सिद्ध करून आणली."

दुपारी आईचा डोळा लागताच रश्मीनं पेटी उघडली. चिपमध्ये होतं-नव्हतं ते सगळं एका फाइलमध्ये लॅपटॉपवर उतरवलं. ती फाइल म्हणजे तोंड शिवलेलं धानाचं पोतं. वरून काही बदलता येत नाही; उसवायचं, आतलं बदलायचं, पुन्हा शिवायचं. लॅपटॉपवरच्या लिनक्स प्रणालीत तिनं पोतं उसवलं. आत बाबांचा व्हिडिओ, आणि शेजारी आवाजाची फाइल. नाव: 'पुष्पा-शुगर'.

रश्मी खुदकन हसली आणि मोबाइल घेऊन गोठ्यात गेली.

म्हशीचा व्हिडिओ आधी मावेचना. पोतं चिपपेक्षा मोठं झालं. तिनं तो छाटला, स्वतःचा आवाज घातला, पोतं शिवलं आणि चिपमध्ये परत भरलं.

पुढच्या बाजारी ती आईला आणि पेटीला घेऊन गर्दीत शिरली. "बाबा, आमच्याही पेटीचं दर्शन होऊ द्या."

बाबांनी पेटी टीव्हीला जोडली, डोळे मिटून बटण दाबलं. पडद्यावर म्हैस रवंथ करत होती. "पुष्पाबाई," म्हैस बोलली, "गोळ्या खा वं! बाबाले काय समजते?"

बाजार खदखदून हसला.

"शनि का सिग्नल घुस गया!" बाबा ओरडले.

"शनि नाही, मी घुसली," म्हणत रश्मीनं लॅपटॉप उघडला. गर्दीतल्या रुख्माबाईकडून तिची पेटी मागून घेतली, सगळ्यांसमोर जोडली, उसवली. तोच व्हिडिओ, आवाज तेवढा वेगळा: 'रुख्मा-घुटना'. गुड्डू बैलबाजाराकडं सटकू लागला, पण पुष्पाबाईनं त्याची बाही धरली.

"तुले चहा पाजला होता रे मी. आपला समजून दुखणं सांगतलं."

गुड्डूला वर पाहवेना.

"पेटीत कोणीही काहीही भरू शकते," रश्मी म्हणाली. "यायनं बाबा भरला, मी म्हैस भरली. चमत्कार दिसला त आधी विचारा, हे आत कोणं टाकलं, कायले टाकलं? अन् जखम दाखवायची त डॉक्टरले दाखवा. थे पेटीतली नाही, खरी हाये."