रुमालाचं टोक

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग घासून गुळगुळीत करत. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की तो डॉक्टरकडे जात नसे, उद्धवमामांकडे जाई. मामा खिशातून रुमाल काढत, टोकाला पीळ देत, पापणी उलटी करत आणि कण बाहेर! वीस वर्षं ही वैद्यकी चालली होती. पगार मशीनचा, पण मान ह्या कामाचा.

नव्या सेफ्टी ऑफिसर अंजली मॅडमनी गॉगल सक्तीचा केला, तेव्हा मामा धास्तावले. कणच गेला नाही तर मामांना विचारणार कोण? त्यांनी आपला गॉगल कपाळावर चढवला. "आमी काय आज आलोय व्हय?"

मंगळवारी कण मामांच्याच डोळ्यात गेला. ते मटकन खाली बसले. पट्टशिष्य सुजित पुढे सरसावला आणि त्यानं रुमाल काढला. सकाळी त्याच रुमालानं त्यानं मिसळीचं तोंड पुसलं होतं, मग मशीनचं ऑइल. पीळ दिलेलं ते टोक डोळ्याकडे येताना मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

"हलू नका मामा. तुम्हीच शिकवलंय."

"लांब हो, मुडद्या!" मामा एक डोळा मिटून जे सुटले, ते थेट अंजली मॅडमच्या टेबलाशी थांबले.

मॅडमनी त्यांना तडक डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कण काढला. "कुणी रुमाल घातला नाही म्हणून बुबुळ वाचलं. ओरखड्यात घाण गेली की नजरच जाते."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. शंभर-दीडशे डोळ्यांत तरी त्यांनी रुमाल फिरवला होता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मग त्यांनी मॅडमच्या मागे लागून कंपनीत डोळेतपासणी ठेवायला लावली. अक्षरांच्या तक्त्याशेजारी मामा स्वतः उभे. कुणी अडखळलं की ह्यांना घाम फुटे. "घाई न्हाई रं, नीट बघ. ट हाय त्यो, ट!"

"मामा, सांगू नका!" मॅडम ओरडल्या.

सुजित शेवटी आला. त्याच्या डोळ्यात रुमाल सात वेळा गेला होता. मामांनी श्वास रोखला. सुजितनं सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या, वर तळाशी मुंगीएवढं छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

मामांनी त्याला सगळ्यांदेखत कडकडून मिठी मारली आणि ते हमसून रडले. "दिसतंय रं ह्याला! समदं दिसतंय!"