ईस्टरचं पाणी

ईस्टरच्या पहाटे झऱ्याचं पाणी आणायचं, तर घरी पोचेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललात की पाण्याचा गुण गेला. वोल्शिंका गावच्या बायकांची ही जुनी रीत. पुढं कोळशासाठी अख्खं गावच खणून काढलं, झऱ्यासकट, आणि त्या खड्ड्याचं तळं केलं. यंदा ती रीत पाहुण्यांना दाखवायची म्हणून पर्यटनवाल्या टोर्स्टननं म्हाताऱ्या लेयनाला त्याच तळ्यावर आणलं होतं.

लेयनानं मुकाट्यानं घडा बुडवला. टोर्स्टन पाहुण्यांना सांगत होता, "पूर्वी इथं काही नव्हतं हो, नुसतं ओसाड रान!"

लेयनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काही नव्हतं? मेल्या, साठ उंबऱ्यांचं गाव होतं इथं! तू बोट दाखवतोयस ना, तिथं माझ्या बापाची पावाची भट्टी होती!"

"आजी, बोलायचं नाही ना," टोर्स्टन कुजबुजला, "पाण्याचा गुण जाईल."

"जाऊ दे!" तिनं घडा त्याच्या बुटांवर उपडा केला. "खणायचं यंत्र दारात आलं, तेव्हा सगळं गाव असंच शहाण्यासारखं गप्प बसलं होतं. तेव्हा कुठं आला गुण?"