माफीनामा कोणी लिहायचा?

दक्षिण कोरियातल्या बुसान शहरातल्या एका सरकारी व्यवसाय विद्यालयाच्या फाटकावर भलामोठा फलक लागला होता, ‘सत्त्याण्णव टक्के विद्यार्थ्यांना नोकरी!’ आणि नेमकी त्याच आठवड्यात शिवणकाम शाखेची विद्यार्थिनी ह्ये-रिम शाळेनेच लावून दिलेली कारखान्यातली नोकरी सोडून परत आली.

मुख्याध्यापक थाक यांचा पारा चढला. “प्योनबाई, नोकऱ्या लावून द्यायचं काम तुमचं. पोरीकडून माफीनामा घ्या. ‘मी शाळेचं नाव घालवलं, सोमवारी कामावर जाते,’ एवढंच. एकदा एप्रिलची सरकारी नोकरी-मोजणी झाली, की खुशाल घरी बसू दे तिला!”

मी-रान प्योन मान डोलावून आपल्या टेबलाशी आली. असे सात माफीनामे तिने याआधी लिहून घेतले होते.

“लिही गं,” तिने ह्ये-रिमपुढे कागद सरकवला.

पोरीने पेन उचललं, ते गळून पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. “बाई, बोटंच वळत नाहीत. दिवसभर गोठलेली मासळी साफ करायची. हातमोजे मागितले, तर म्हणाले, शाळेकडून आण. तुम्ही तर गणवेश शिवायचं काम म्हणाला होतात ना?”

शेजारी शिवणकामाच्या वयस्कर मेंगबाई बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. “तीन वर्षं मी हिला काजं करायला शिकवलं, ते मासे साफ करायला? शाळा आहे की मजूर पुरवायचा अड्डा? तो कारखाना तुम्ही पाहिला तरी होतात का?”

नुसत्या फोनवर विचारून मी-रानने अहवाल दिला होता, ‘प्रत्यक्ष पाहणी केली. जागा सुरक्षित.’

“टक्के कसले मोजता? आधी या पोरीची बोटं बघा!” मेंगबाई कडाडल्या.

शी! मी-रानला स्वतःचीच किळस आली. लेकरं आपणच खड्ड्यात ढकलायची, आणि वर नाकही त्यांनीच घासायचं! तिने तो कागद ओढून स्वतःच लिहायला घेतलं. ‘मी खोटा अहवाल दिला. ह्ये-रिम, मी तुझी माफी मागते. ही मुलगी तिथे परत जाणार नाही.’ खाली सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का मारून तिने कागद थाकसरांपुढे ठेवला.

“वेड लागलंय का? नोकरी जाईल तुमची!”

“जाऊ दे की, सर. मग फलकावरून माझाही टक्का कमी करा!”

तिथून ती ह्ये-रिमला घेऊन थेट दवाखान्यात गेली.

लोकहो, पोराला नोकरी लागली म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. कुठे लागली, कसली लागली, हे विचारतो का कधी? परत आलेल्या लेकराच्या तोंडावर जी दार लावते, ती शाळा कसली!