भोपळीची सीट

नीट पहिल्यापासून सांगतो, मधे कुणी बोलू नका, कारण माझं अंग अजून आंबलंय आणि एकदा थांबलो तर इथेच झोपेन.

तर आमची भोपळी तुम्ही पाहिलीये. नारिंगी, दोन सीटची, छत उघडं टाकता येणारी, कधीकाळी कुणाच्या तरी स्वप्नातली स्पोर्ट्स कार. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या दाराला गंज, टायर टकले आणि रेडिओ एकच स्टेशन लावायचा. ती घेतली ताईने. आता ताईचं कसं आहे, ती दिवसभर सिटी बस चालवते आणि तिची पाठ गेलीये. म्हणजे गेलीच. डॉक्टरांनी लिहून दिलं, डेपोने मान्य केलं, पुढच्या महिन्यापासून तिला कंट्रोल रूममध्ये खुर्ची-टेबल. इतकी वर्षं स्टेअरिंग हातात, पण मनासारखी गाडी एकदाही चालवली नाही असं तिचं म्हणणं. जरा कुठे तिसरा गिअर पडतोय की मागून कुणीतरी बेल मारलीच. उतरायचंय, थांबवा. म्हणून तिला एक दिवस हवा होता, बाकी काही नाही. रेसच्या ट्रॅकवर असा दिवस ठेवतात ना, आपली गाडी न्यायची, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, आपली आपण पळवायची, तो. टेबलाच्या आधी असा एकच दिवस शिल्लक होता. नंतर पाठ काय म्हणेल ते पाठीलाच माहीत. हुकला की संपलं.

आणि खिशात काही नाही. मग आपण काय केलं, तर गाडी हलकी केली. पान्याचं म्हणणं, ताकद वाढवायला पैसे लागतात, वजन कमी करायला फक्त हात लागतात. पान्या म्हणजे ताईच्या डेपोतला मेकॅनिक, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल. तर हात कुणाचे? माझे. गालिचे काढले, स्टेपनी काढली, रेडिओ काढला, हीटर काढला, दारांच्या आतली पुठ्ठ्याची पॅनलं काढली. मग कळलं की तळाला आवाज येऊ नये म्हणून डांबरासारखा जाड थर चिकटवलेला असतो. तो केस वाळवायच्या ड्रायरने तापवायचा आणि खरवडायचा. आईचा ड्रायर. सगळे रविवार मी त्या गाडीत डोकं खाली, पाय वर. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही, हे बघा. आई रोज दारातून बघायची आणि विचारायची, गाडी चालवायला आणलीत की सोलायला?

ब्रेकमध्ये मात्र पान्याने कंजूषी करू दिली नाही. पॅड नवे, ब्रेकचं तेल नवं. टायर पान्याच्या ओळखीतल्या एका मुलाचे वापरलेले, पण चांगले. आणि रोल बार, म्हणजे सीटच्या मागे तो जाड पाइपचा कमानीसारखा सांगाडा असतो, गाडी उलटली तर डोकं वाचवायला, तो भंगारातून. सीटसुद्धा भंगारातलीच. फायबरची, टबसारखी, कापड फाटलेलं, आतला फोम उंदरांनी खाल्लेला.

इथे बाबा आले.

बाबा गाड्यांच्या सीटा शिवतात हे तुम्हाला माहितीये, पण ताईची गादी तुम्ही पाहिली नसेल. बस रोज वेगळी मिळते, म्हणून बाबांनी तिला एक गादी करून दिलीये, पट्टा लावलेली, ती पर्ससारखी खांद्याला अडकवून डेपोत जाते. सगळे हसतात. तिची पाठ कुठे दुखते हे डॉक्टरांच्या आधी बाबांना कळलं होतं, गादी कुठे जास्त दबलीये ते बघून. तर त्यांनी ती फायबरची सीट दुकानात नेली आणि ताईला कामावरून आली की बसवायचे, उठवायचे, अंगठ्याने दाबून बघायचे, परत फोम चिकटवायचे. मांडीखाली कडक, माकडहाडाखाली मऊ, कमरेला उंचवटा. गेले कित्येक महिने बाबा दुकानातून आले की न बोलता जेवून आडवे व्हायचे, पण त्या सीटवर असताना मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. सीट तयार झाली आणि पान्याने ती उचलून बघितली. म्हणाला, पोराने नखं झिजवून जेवढं काढलं तेवढं बापाने परत भरलं. नाकापेक्षा मोती जड. पण ताई बसली आणि डोळे मिटून म्हणाली, आई गं. ते दुखल्यावरचं नव्हतं. मग कोण काय बोलणार.

आता नियम काय असतो, ऐका. उघड्या गाडीत बसल्यावर समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून रोल बारच्या टोकापर्यंत काठी आडवी ठेवतात. डोकं काठीच्या खाली पाहिजे. गाडी उलटली तर जमीन काठीला लागेल, डोक्याला नाही, एवढं साधं. आम्हाला हे माहीत होतं बरं का. आम्ही घरी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा ठेवून बघितलं. ताई बसमधल्यासारखी ताठ बसली, दांडा ठेवला, डोकं आणि दांडा यांत छान फट. पान्या म्हणाला पास, बाबा म्हणाले पास, मी फोटो पण काढला.

तर त्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता निघालो. ताई आणि मी भोपळीत, पान्या आणि बाबा पान्याच्या व्हॅनमध्ये, मागे टायर, जॅक, पाण्याचे कॅन. ट्रॅकवर सगळ्या चकचकीत गाड्या, लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेले, आणि त्यात आमची सोललेली भोपळी. तपासायला एक बाई होती, हातात खरोखरची झाडूची काठी, अगदी निवांत. ब्रेक बघितले, चाकं हलवून बघितली, मान डोलावली. मग ताईला म्हणाली, मॅडम, हेल्मेट घालून बसा.

ताई हेल्मेट घालून बसली. भाड्याचं हेल्मेट, तिथेच मिळतं, विकत कोण घेणार, म्हणून तर आमच्या कुणाच्या घरी ते नव्हतंच. काठी ठेवली. टक्.

काठी हेल्मेटवर टेकली होती आणि काचेच्या कडेपासून चांगली वर उचललेली होती.

मी पान्याकडे बघितलं, पान्याने बाबांकडे, बाबांनी आभाळाकडे. तीन पुरुष, एक मॉप, इतके दिवस, आणि डोक्यावर हेल्मेट असतं हे एकालाही सुचलं नव्हतं. त्या बाईने आवाजही चढवला नाही. असं बसता येणार नाही म्हणाली. ताई जरा घसरून बसली. सरळ बसा मॅडम. ताईने मान खाली घातली. मॅडम. मग ती म्हणाली, खाली बसायची सोय करा आणि मला बोलवा, मी इथेच आहे, आणि पुढच्या गाडीकडे गेली.

सीटचे बोल्ट आधीच सगळ्यात खालच्या भोकात होते. फायबर खाली जात नाही. खाली जाण्यासारखं एकच होतं. ते बाबांना आमच्या आधी कळलं असणार, कारण ते व्हॅनपाशी जाऊन उभे राहिले आणि व्हॅनमध्ये त्यांचं हत्यारांचं गुंडाळं होतं. बाबा कुठेही जाताना सुरी बरोबर नेतात. नेहमी चेष्टा करतो ना आपण.

सकाळचा नवख्यांचा पहिला गट सुटला. मग दुसरा. आम्ही भोपळीभोवती उभे. पान्या म्हणाला की हरकत नाही, ताईऐवजी मी चालवेन, माझी उंची कमी आहे, आणि म्हटल्या म्हटल्या त्याचं त्यालाच कसंतरी झालं आणि तो पाणी आणायला गेला. पाण्याचे कॅन व्हॅनमध्येच होते.

ताई सीटमधून उतरली आणि बाबांना म्हणाली, कापा.

बाबा म्हणाले, "ही गादी काढली तर तू उतरणार कशी?"

"उतरायचं नंतर बघू, बाबा. आधी बसू तर द्या."

बऱ्याच वेळाने त्यांनी गुंडाळं सोडलं. आधी शिवण उसवली, टाका न् टाका, कापड फाडलं नाही. मग लांब पात्याची सुरी आडवी धरून सगळ्यात वरचा मऊ थर कापला, पोळीसारखा अख्खा काढला आणि व्हॅनच्या बॉनेटवर ठेवला. ताई बसली, बाई आली, काठी ठेवली. अजून टेकतेय. दुसरा थर. अजून टेकतेय, पण आता नुसती घासतेय. बाई म्हणाली, घासणं चालत नाही. कमरेच्या उंचवट्यावर बाबांनी हात ठेवला होता, तो पाठीमागे आहे, त्याने उंची वाढत नाही, असं ते त्या बाईला समजावत होते, पण त्याच्यामुळे ताई पुढे आणि वर ढकलली जात होती, हे तेच सगळ्यांत चांगलं जाणत होते. तोही काढला. शेवटी फायबर आणि वर एक कापड. ताई बसली. काठी ठेवली. फट दिसली. बाईने गाडीला स्टिकर लावला आणि बाबांना म्हणाली, काम सुंदर होतं तुमचं. बाबांनी मान हलवली आणि सुरी पुसत बसले, स्वच्छ होती तरी.

मिळाला तो नवख्यांचा शेवटचा गट. ताई निघाली. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या वळणावर तिने इंडिकेटर दिला. दुसऱ्या वळणावर पण. कुंपणापाशी उभे असलेले लोक हसायला लागले. मागून येणाऱ्या गाड्यांना ती डावीकडे सरकून वाट देतेय, वळणाच्या कितीतरी आधी हळूच ब्रेक लावतेय, जणू आत माणसं उभी आहेत. मी तिथे नाचतोय, दाब ना, दाब ना, आणि पान्या म्हणतो, गप, सवय आहे, सुटायला वेळ लागतो. बाबा बघतच नव्हते. फोमचा एक तुकडा हातात घेऊन दाबत होते, सोडत होते.

मग एका फेरीला इंडिकेटर लागला नाही. आधी मलाही कळलं नाही. भोपळी समोरून गेली तेव्हा आवाजच वेगळा होता, तो थर आपण खरवडला ना, सगळा आवाज उघडा, इंजिन नुसतं किंचाळतंय, आणि सरळ रस्त्याच्या टोकाला ती इतक्या उशिरा ब्रेकवर आली की पान्याने माझा दंड धरला. तिने एका चकचकीत गाडीला गाठलं. मागे टाकलं नाही, खोटं कशाला सांगू, पण गाठलं. कुंपणापाशी आता कुणी हसत नव्हतं. बाबांनी मान वर केली होती.

झेंडा पडला, सगळे आत आले, सगळ्यांची दारं उघडली. भोपळीचं उघडलं नाही. आम्ही धावलो. ताई स्टेअरिंग धरून बसलेली, हेल्मेट तसंच, पांढरीफटक. बाबा दाराशी गुडघ्यावर बसले आणि दुखतंय का एवढंच विचारलं. तिने हो म्हटलं. मग हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "बाबा, कुणी बेल मारली नाही."

तिला पाय उचलता येत नव्हते. पान्याने खांदे धरले, मी गुडघे, आणि टबातून काढावं तसं तिला बाहेर काढलं. ती हसत होती आणि मधेच ओरडत होती, दोन्ही एकाच श्वासात. ती काठीवाली बाई पण आली आणि तिने दार धरलं.

बाबांनी व्हॅनमधले टायर एका बाजूला ढकलले आणि फोमचे थर खाली अंथरले, कापले त्याच्या उलट क्रमाने, कडक खाली, मऊ वर, कमरेचा उंचवटा बरोबर जागेवर. त्यावर ताईला झोपवलं. व्हॅन ट्रॅकच्या गेटबाहेर पडायच्या आधीच तिला झोप लागली, बाबांनी नंतर सांगितलं.

भोपळी मी घरी आणली. त्याच सीटवर. पहिल्याच खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, अरे मी तरुण, धडधाकट, आणि दुसऱ्या खड्ड्याला मी एका कुल्ल्यावर बसायला लागलो. ती यावर बसून ते सगळं करून आली होती. पुढे व्हॅन चाललेली. पान्या बसपेक्षा हळू चालवत होता, मागून लोक हॉर्न मारत होते, मारू देत. मागच्या काचेतून मला बाबा दिसत होते. ते पुढच्या सीटवर बसलेच नव्हते, मागे टायरांच्या मधे अंग चोरून बसले होते, आणि वळण आलं की एक हात ताईच्या पाठीखालच्या गादीवर ठेवायचे, सरकू नये म्हणून. वळण संपलं की काढायचे. परत वळण, परत हात.

आणि मी त्यांच्या मागे, प्रत्येक वळणाला, वेळेच्या कितीतरी आधी, इंडिकेटर देत.