डुकराचा रुपया

कोळवणच्या सगुणाबाईंकडे दयानंदराव आज तिसऱ्यांदा आले होते. या खेपेला रुपया मागायचाच, असं भुकूमपासून जीपमध्ये मनाशी घोकत आले होते. आधीच्या दोन्ही खेपांना चहा पिऊन, भातपिकाची चौकशी करून परत फिरले होते. शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. लोकांनी मागितलेलं काढून द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

निवृत्तीनंतर सोलापूर सोडून मुलाकडे आल्यापासून त्यांनी राणीछाप, राजाछाप असे चाळीसेक चांदीचे रुपये जमवले होते. खरा शोध मात्र एकाचाच. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावर बारीकसा हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला. दयानंदरावांच्या वडिलांकडे तसा एक होता. दर रविवारी तो कापसातून काढून ते लेकाच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "सांग, हत्ती की डुक्कर?" उत्तर काहीही आलं तरी हसत. दुसरीत असताना दयानंदनं तो मित्रांना दाखवायला गुपचूप शाळेत नेला आणि हरवून आला. वडील रागावले नाहीत. रविवारचा खेळ तेवढा बंद झाला.

बाजारातून दयानंदरावांनी तसला रुपया दोनदा आणला, दोन्ही नकली निघाले. मग जीपवाला इंद्रजित बोलता बोलता म्हणाला, आमच्या सगुणाआजीकडं हाय की.

आज घरात बाळंतीण होती. इंद्रजितच्या बायकोला, वैष्णवीला, मुलगी होऊन बारा दिवस झाले होते. सगुणाबाई सहाणेवर गुटी उगाळत बसल्या होत्या. वेखंडाचे वेढे झाले, हळकुंडाचे झाले. मग त्यांनी कनवटीचा रुपया काढला आणि तोही दगडावर टेकवला. नाणं फक्त कडेनं धरावं, पुसूसुद्धा नये, हे नाणी जमवायला लागल्यापासून पाळणाऱ्या दयानंदरावांनी हात पुढे केला.

"मावशी, जरा बघू तो?"

सगुणाबाईंनी तो पदराला पुसून दिला. एका बाजूला १९११ आणि भोवतीची फुलं, सगळं स्वच्छ. दयानंदरावांनी तो उलटला. दुसरी बाजू गुळगुळीत होती. ना राजा, ना झगा.

सासऱ्यांची ताकीदच होती, सगुणाबाई म्हणाल्या, फुलं घासायची न्हाईत, राजा घासायचा. घरातल्या दर पोराला तीन वेढे.

"डुक्कर हुडकताय व्हय, मास्तर? त्यो गेला पोरांच्या पोटात. पयला घास माज्या नवऱ्यानं खाल्ला आसंल."

आत वैष्णवी खुदकन हसली. दयानंदरावांनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी वडिलांचा रुपया कसा हरवला ते सांगून टाकलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

सगुणाबाईंनी हळकुंड बाजूला ठेवलं. "मग न्या ह्यो. आमाला उगाळायला दुसरा द्या तुमच्यातला."

बदल्यात द्यायला एक लखलखीत रुपया त्यांनी खिशात आणलाच होता. तो चाचपत असताना आत पोर रडायला लागली.

"नको," ते म्हणाले. "हा इथंच असू द्या. मला फक्त..." त्यांनी सहाणेकडे बघितलं.

सगुणाबाईंनी सहाण त्यांच्या पुढ्यात सरकवली. दयानंदरावांनी राजाची बाजू खाली धरली आणि पहिला वेढा घेतला.

"हळू, मास्तर," त्या म्हणाल्या. "अजून लई पोरं यायचीत."