सहीपुरती मीटिंग

टेसने आईला एकच अट घातली होती. रविवारी मर्ना मावशीकडे जेवायला यायचं असेल, तर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला गेल्याची, तिथल्या कुणाची तरी सही असलेली चिठ्ठी आणायची. "शपथा नकोत, आई. शपथा माझ्याकडे पोतंभर पडल्यात." टेस सतरा वर्षांची होती आणि नोव्हेंबरपासून मावशीकडेच राहत होती.

म्हणून मंगळवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना ग्लेनिस रटन लूथरन चर्चच्या तळघरात उतरली. पत्ता तिला दवाखान्यातल्या फलकावरच्या एका पिवळट कागदावर मिळाला होता. कागद किती जुना आहे हे तिने पाहिलं नाही. एरवी पाहिलं असतं. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ती सोळा वर्षं नमुन्यांच्या बाटल्यांवर तारखा घालत आली होती. पण शेवटच्या घोटाला अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत तिला भूक लागली नव्हती, रडू आलं नव्हतं. बाहेर उणे एकवीस अंश होतं आणि ती टोपी घरीच विसरली होती.

खाली आठ माणसं, घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचं मोठं भांडं. सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली. मग एकेकाने फक्त पहिलं नाव सांगितलं. 'मला व्यसन आहे' असं मात्र कुणीच म्हणालं नाही. ग्लेनिसला ते जाणवलं, पण त्याचं पुढे काही करावंसं वाटलं नाही.

"मी वेंडेल," सत्तरीचा एक उंच म्हातारा म्हणाला. "आमच्या बायकोच्या, डोरीनच्या बाटलीवर मी पेन्सिलीने खूण करायचो. ती प्यायची आणि खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायची. मला फसवलं, पण फ्रीजरला कोण फसवणार? एकदा वाटाण्याचं पाकीट काढायला गेलो, तर व्होडकाचा बर्फ झालेला!"

दोघीतिघी हसल्या.

"मी बाटली होती तिथेच ठेवली. दोन वर्षं त्याबद्दल बोललो नाही. तिला वाटायचं, मला पत्ता नाही. म्हटलं, वाटू दे."

ग्लेनिसने मनात आकडे मांडले. चाळीस टक्क्यांची व्होडका उणे सत्तावीसपर्यंत गोठत नाही. निम्मं पाणी घातलं की उणे दहाच्या आसपासच बर्फ धरायला लागतो. घरातला फ्रीजर उणे अठराचा. हे सगळं तिला ठाऊक होतं, तरी ती वर्षानुवर्षं घरच्या फ्रीजरमधल्या बाटलीत पाणी घालत आली होती. आणि त्याच फ्रीजरमधून टेस रोज सकाळी न्याहारीचं पाकीट काढायची.

तिची पाळी आली.

"मी ग्लेनिस. मी... डोरीनच्या बाजूची आहे."

वेंडेलने चष्मा वर केला. "अरेच्चा! मग तू चुकीच्या तळघरात आलीस. ही आमची, घरच्यांची मीटिंग."

"दवाखान्यातला कागद ना?" मीटिंग चालवणारी आयोन म्हणाली. "चार वर्षांपूर्वीचा आहे तो. तुमची मंडळी आता कर्लिंग क्लबात बसतात, वरच्या मजल्यावर. आज साडेपाचला आहे."

"बारच्या वर," वेंडेल म्हणाला. "दारू सोडायला बारमधून जायचं. हे आमच्याच गावाला सुचू शकतं."

"वेंडेल, पुरे," आयोन म्हणाली. "बस गं तू. कॉफी तरी संपव."

शेवटी खुर्च्या मिटताना आयोनने तिच्या हातातली चिठ्ठी पाहिली. "आण इकडे, करते सही. पहिलं नाव आणि एक अक्षर, एवढंच तर लिहायचं. कोण विचारायला येतंय?"

खरंच कुणी येणार नव्हतं. पूर्ण नाव कुठेच लिहायचं नाही, हाच नियम. आयोनने पेनचं टोपण काढलं. ग्लेनिस कागदाकडे पाहत राहिली. टेस चिठ्ठी वाचेल, तिला कळेल, ती घडी घालून परत देईल आणि काही बोलणार नाही.

"नको," ग्लेनिस म्हणाली.

साडेपाचला ती क्लबात गेली. खाली कर्लिंगचे खेळाडू बर्फावरून जड, गुळगुळीत दगड सरकवत होते. बारवाल्याने मान वर न करता जिना दाखवला. "वरची कॉफी पिऊ नका, ताई. माझी न्या." तिने त्याच्याकडून कॉफी घेतली, वर जाऊन सहीच्या चिठ्ठ्यांसाठी ठेवलेल्या टोपलीत आपली चिठ्ठी टाकली आणि पाळी आल्यावर, मला दारूचं व्यसन आहे, असं सांगितलं. सांगून हलकं वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. तास संपल्यावर ऑर्विल नावाच्या माणसाने सही केली.

रविवारी टेसने दार अर्धंच उघडलं. चिठ्ठी वाचता वाचता ती सवयीने एक पाऊल पुढे आली आणि तिने आईच्या तोंडाचा वास घेतला.

"आधी मी घरच्यांच्या मीटिंगला जाऊन बसले," ग्लेनिस म्हणाली. "चुकून. सही तिथेही मिळत होती."

"मग?"

"घेतली नाही."

टेसने चिठ्ठीची घडी घातली. आता ती परत मिळणार असं वाटून ग्लेनिस मागे फिरण्याच्या बेतात होती.

"मी क्लबला फोन केला होता," टेस एकदम म्हणाली. "मंगळवारी. तिथे मीटिंग असते ना, तू आली होतीस का म्हणून. तो बारवाला म्हणतो, वर कोण जातं ते मी बघत नाही. इतका राग आला मला! त्याचा नाही, तुझा. फोन करायला लागतो म्हणून. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"नाही कळत. तुझा चेहरा बघ. दगड."

"सध्या असाच आहे."

आतून मर्ना ओरडली, दार लावा, घर गार पडतंय.

"पुढच्या रविवारी दुसरी आण," टेस म्हणाली आणि बाजूला झाली. ग्लेनिस बूट काढायला वाकली. गारठलेल्या बोटांनी नाड्या सुटत नव्हत्या, म्हणून तिला वेळ लागला. टेस दार धरून उभी होती.