आमची गाईड

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. तरी तो आठवडाभर मी गप्प राहिले. बहिणीला या कटात सामील करून घेतलं होतं. तिनेसुद्धा शेवटी फोन करून विचारलं, अगं, तुझी तब्येत बरी आहे ना?

गुपित असं होतं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होत होती आणि शनिवारी मी आमच्या ह्यांना घेऊन सहलीला निघाले होते. साधीसुधी नव्हे, खासगी. सकाळी शहरातून निघायचं, डोंगरावरचं तटबंदीचं जुनं ओसाड गाव बघायचं, संध्याकाळी परत. गाडी आपली, ड्रायव्हर आपला आणि गाईडही दिवसभर फक्त आपल्या दोघांसाठी. ह्यांना इतकंच माहीत होतं. ती गाईड म्हणजे आमची लेक, हे माहीत नव्हतं. आणि आपले पाहुणे कोण, हे लेकीला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पोटच्या पोरीला गाईड म्हणून कशाला न्यायचं? तर घरात बाप-लेकीचं बोलणं बंद होतं. पोरगी चांगली बैठी नोकरी सोडून गाईड झाली, त्या दिवसापासून. हात हलवत लोकांना दगड दाखवत हिंडायचं, ही काय नोकरी झाली, एवढं एक वाक्य बोलून ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं. तिने त्याहून मोठं लावलं. मुलगी कुणाची शेवटी. जेवायला बसलं की हे मला सांगणार, तिला म्हणावं पाण्याचा जग इकडे सरकव. ती मला सांगणार, त्यांना म्हणावं जग रिकामा आहे. दोघांच्या मधोमध बसून मी घास गिळायचा की निरोप पोचवायचे?

मग ह्यांनी कमाल केली. ज्या विमा कंपनीत जन्म घालवला, तिथल्या साहेबांकडे निवृत्तीनंतर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे तरी शब्द टाकला. पोरीसाठी एक खुर्ची मागितली. साहेबांनी दिलीही. सोमवारी हजर व्हायचं.

मला वाटलं, आता घरात भांडी आपटणार. तसं काही झालं नाही. लेक माझ्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसली. मी कुणाच्या तरी पडद्यांना टीप मारत होते, तिने मुकाट्याने दुसरं टोक धरलं. म्हणाली, "आई, बाबांनी एकदा माझं काम बघावं. डोळ्यांनी बघून म्हणाले सोड, तर सोमवारी निमूट जाऊन त्या खुर्चीवर बसेन." आणि ही बया शब्दाची पक्की. तिथेच तर सगळी गोम आहे.

म्हणजे दाखवलं नाही तर घरातलं युद्ध जन्मभर चालणार, आणि दाखवून ह्यांना आवडलं नाही तर लेकीच्या पायावर धोंडा मी माझ्या हाताने पाडलेला. पण मी काही स्वस्थ बसणारी बाई नव्हे. बहिणीच्या फोनवरून, बहिणीच्या नावाने गाडी ठरवली. ती छान बोलते म्हणतात ना, तीच मुलगी द्या, एवढं मात्र बजावून सांगायला लावलं.

शनिवारी लेक आमच्या आधी घराबाहेर पडली. बूट घालताना मला म्हणाली, आज एक म्हातारं जोडपं आहे, कटकटं नसलं म्हणजे मिळवली. मी कपाटात तोंड खुपसून हसले. आनंद पोटात माईना. डब्याचं झाकण दोनदा उलटं लावलं. ह्यांचं आपलं शांतपणे चाललेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सहलीला पेनं कशाला लागतात ते एक देवच जाणे.

गाडी स्टेशनसमोरच्या घड्याळाखाली येणार होती. आली. पांढरी, धुतलेली, काचा लखलखीत. शेजारी गळ्यात ओळखपत्र अडकवून, माझ्या बहिणीच्या आडनावाची पाटी छातीशी धरून आमची लेक उभी. तिने आम्हाला पाहिलं आणि पाटी हळूहळू खाली गेली. हे जागच्या जागी थिजले. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मागे फिरावं तर भर चौकात तमाशा, आणि तमाशाला हे साक्षात यमापेक्षा जास्त घाबरतात. मी कोपर ढोसून सांगितलं की पैसे भरलेत आणि परत मिळत नाहीत.

ड्रायव्हर दार उघडून वाट बघत होता. तो कंपनीचा माणूस, त्याला यातलं काय माहीत? लेकीने पाटी काखेत मारली आणि छानसं हसली.

"नमस्कार काका, नमस्कार काकू. आजच्या सफरीत आपलं स्वागत. मी आपली गाईड."

सख्ख्या बापाला काका! मला वाटलं, आता हे फुटणार. ह्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "नमस्कार मॅडम."

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी लेकीशी न बोलण्याची शपथ घेतली होती. गाईडशी न बोलण्याची नाही.

गाडी शहराबाहेर पडेपर्यंत हे गप्प होते. ती पुढच्या सीटवरून मागे वळून बोलत होती, हे खिडकीबाहेर बघत होते, पण कान मात्र टवकारलेले. मी काय ओळखत नाही का त्या कानांना? मग एक प्रश्न आला. मॅडम, त्या गावात पाणी कुठून यायचं? तिने सांगितलं. दुसरा आला, तिसरा आला. हे एकेक अवघड प्रश्न काढायला लागले, विम्याचा दावा तपासावा तसे. एका प्रश्नाला ती सरळ म्हणाली, काका, हे मला माहीत नाही, तिथे विचारून सांगते. हे माझ्याकडे वळून पुटपुटले की आमच्या ऑफिसात एवढी वर्षं काढली, पण माहीत नाही असं म्हणणारा माणूस काही भेटला नाही. कौतुक होतं की टोमणा, देवाला ठाऊक. पण पोरीशी एवढी वाक्यं! मला गाडीतच टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. मी आपली पाण्याची बाटली घट्ट धरून बसले.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा तिने मला हात धुवायच्या जागी गाठलं. कुजबुजत का होईना, पण चांगलं झापलं. मावशीलाही यात ओढलंस, तुला काही वाटतं का, वगैरे. मी म्हटलं, तुला दाखवायचं होतं ना, मग दाखव आता. तसा तिचा आवाज एकदम बसला. म्हणाली, "आणि बघून नाही म्हणाले तर?"

नळ उघडा टाकून मी पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. मग तिने तोंडावर पाणी मारलं, ओळखपत्र सरळ केलं आणि बाहेर जाऊन आवाज दिला, चला काका-काकू, निघूया.

गाव बघितलंत तर छाती दडपेल. डोंगराच्या माथ्यावर तट, मधे उंच कमान, दाराची लाकडं कधीच गेलेली, फक्त दगडातल्या खोबणी उरलेल्या. आमच्या आधी एक मोठी बस आली होती. त्यांचा गाईड हातात भोंगा घेऊन सनावळ्या ओरडत होता आणि माणसं सावली शोधत होती. आमच्या लेकीने भोंग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, इथे राजे कोण होते ते त्या पाटीवर लिहिलंय, सवडीने वाचा. मी सांगणार आहे, हे दार रोज संध्याकाळी कोण लावायचं.

आणि जी सुटली! मी तिला घरात बोलताना ऐकलंय, फोनवर ऐकलंय, भांडताना तर ऐकलंयच. पण ही कुणी वेगळीच होती. सूर्य मावळला की दारवान तटावर चढून तीन हाका द्यायचा. तिसऱ्या हाकेनंतर अडसर पडायचा. मग जो बाहेर राहिला तो बाहेर. बोलता बोलता तिने मला कमानीबाहेर उतारावर नेऊन उभं केलं, ह्यांना आत खोबणीपाशी. काका, तुम्ही दारवान. अडसर चौघांनी ढकलायचा, तुम्ही पुढचे, लावा खांदा. आणि आमचे हे, लग्नातसुद्धा फोटोसाठी हसायला तयार नसलेले, त्यांनी खरंच खांदा लावला. अडसर नव्हताच तिथे. हवेला खांदा लावून उभे!

मी उतारावरून बघत होते. उत्साहाने नुसतं अंगात आलं होतं माझ्या.

"काका, तिसरी हाक देऊन झालीय. खाली धूळ उठलीय, शत्रूचे घोडे आहेत. आणि तेवढ्यात तुम्हाला दिसतं, की चढावर तुमची बायको आहे. पळतेय, पण पोचणार नाही. दार लावणार की उघडं ठेवणार?"

एव्हाना बसमधली निम्मी माणसं भोंगा सोडून आमच्याभोवती गोळा झाली होती. फुकट ते पौष्टिक. एकजण म्हणाला, लावा हो, गाव महत्त्वाचं. एक बाई म्हणाली, असं कसं, बायको आहे ती. ह्यांचा पारा चढला. गर्रकन मागे वळून म्हणाले, "तुम्ही मधे बोलू नका. तुमचा गाईड तिकडे आहे. ही आमची आहे."

मी ऐकलं. लेकीने ऐकलं. ह्यांनी स्वतः ऐकलं की नाही कोण जाणे, ते पुन्हा खोबणीकडे तोंड करून विचारात पडले होते. बराच वेळ गेला. मी खालून ओरडले, अहो, घोडे आले असते एव्हाना. लोक हसले. हे नाही हसले.

"दार लावायला हवं," ते म्हणाले. "आत मुलंबाळं आहेत. उरलेल्या तिघांना लावायला सांगितलं असतं." आणि मग खाली माझ्याकडे बघून, "मी बाहेर गेलो असतो."

तीस वर्षं, बरं का. तीस वर्षांत या माणसाने मला साधं छान दिसतेस म्हटलेलं नाही. मी उतारावर तोंडात बोट घालून उभी.

लेक म्हणाली की खऱ्या दारवानाने काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. आणि हे उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. काका हा शब्द या वेळी तिने गाळला होता. हे रुमाल काढून उगाच चष्मा पुसायला लागले.

मघाची ती बसमधली बाई मात्र पुढे सरसावली. चांगली ठसठशीत बाई, शाळेत मुख्याध्यापिका होती म्हणे. तिने लेकीचा हातच धरला. आमच्या शिक्षकांना आणायचंय इथे, येत्या सोमवारी शाळेला सुट्टी आहे, तुम्हीच हव्यात, याल ना?

नेमका सोमवार! लेक हसली, पण ते हसू ओठांपुरतंच. ह्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "सोमवारचं सांगता येत नाही. मी बहुतेक हे काम सोडतेय."

"का?" बाई म्हणाल्या. "इतकं सुंदर येतं तुम्हाला."

"घरी शब्द दिलाय."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माझा नवरा. मला ते माहीत आहे, तुम्ही सांगायला नको. साहेबांकडे त्याने काय गिळून शब्द टाकला होता, तेही मला माहीत आहे; परत आल्यावर तो दिवसभर जेवला नव्हता. मी उतार चढून धापा टाकत वर आले.

ह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खिशातलं एक पेन काढलं, का कुणास ठाऊक, आणि तसंच हातात धरून त्या बाईंना म्हणाले, "सोमवारी नक्की घेऊन या सगळ्यांना. ती असेल."

बाईंनी विचारलं, तुम्ही कोण?

"सोमवारी एका ऑफिसात जाऊन नाही म्हणून सांगायचंय," हे म्हणाले. "ते मी सांगून येईन. शब्द मी टाकला होता, उचलायचाही मीच."

बाईंना ओ की ठो कळलं नाही. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि गेल्या. भोंगा पुन्हा ओरडू लागला, माणसं पांगली. आम्ही तिघंच कमानीत उरलो. लेकीने आमच्याकडे पाठ केली होती. तिचे खांदे हलत होते. ह्यांनी हात उचलला, तिच्या खांद्यापाशी नेला, मधेच थांबवला. माणसाला सवयच नाही ना. मग ठेवला एकदाचा.

मी त्या कमानीच्या पायरीवर बसकण मारली आणि सरळ भोकाड पसरलं. ड्रायव्हर पाणी घेऊन धावत आला, काकूंना ऊन लागलं वाटतं म्हणून. लाजायचं कशाला? इतकं मोठं सुख झालं की मी अशीच रडते.

थोड्या वेळाने लेकीने नाक पुसलं. बुरुजावर जायचं राहिलं होतं. आत अंधारा जिना, उंच उंच दगडी पायऱ्या. ती पुढे झाली, दोन पायऱ्या चढली आणि मागे वळून तिने हात खाली केला.

"बाबा, सांभाळून या. पायऱ्या झिजल्यात."